अंगाला बसेल अशी सायकल

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘चाक’ हा विषय दिला, त्याच आठवड्यात माझ्या मामेबहिणीच्या मुलीचा फोन आला. तिला पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वसतिगृह, मेस, फी असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, “मावशी, सायकल घेईन म्हणतेय. कुठली घेऊ?”

सायकल तिला नवी नव्हती. जालना जिल्ह्यातल्या तिच्या गावापासून शाळा साडेतीन किलोमीटरवर. आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून तिला सायकल मिळाली, आणि बारावीपर्यंतची पाच वर्षं ती त्याच सायकलवर गेली-आली. वाटेत बाभळीचं रान होतं. पंक्चर कुठे झालंय हे पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून ती स्वतः शोधायची. त्यामुळे सायकल घ्यावी की नाही, हा तिचा प्रश्नच नव्हता. प्रश्न ‘कुठली’ एवढाच होता, आणि तो दिसतो तितका सोपा नाही हे पुढच्या दीड महिन्यात मला कळत गेलं. तिच्याबरोबर विद्यापीठाच्या आवारात फिरले, तीन दुकानं पाहिली, एका मिस्त्रींच्या टपरीवर चार संध्याकाळी बसले, पवईला जाऊन आले. हा लेख त्या फिरण्यातून झाला आहे.

आवारातला एक दिवस

विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार ४११ एकरांचं आहे. इथली मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि तो सगळा परिसर त्याच्याकडे आला. मुळात राहण्यासाठी आखलेली जागा, म्हणून रस्ते वळणावळणाचे, वडांच्या सावलीचे. दोन ठिकाणांमधलं अंतर नकाशात दिसतं त्याहून पायांना जास्त भरतं.

जुलैतल्या एका सकाळी आम्ही दोघी फोनवर अंतर मोजत तिचा एक पूर्ण दिवस चाललो. वसतिगृह ते विभाग, विभागातून जयकर ग्रंथालय, तिथून अनिकेत कँटीन, परत विभाग, संध्याकाळी मुख्य फाटकाबाहेर झेरॉक्स आणि किरकोळ खरेदी, मग वसतिगृह. साडेपाच किलोमीटर झाले. चालण्यात सव्वा तासाहून जास्त गेला. सायकलवर हेच अंतर रमतगमत पंचवीस मिनिटांचं आहे.

त्या दिवशी अंतरापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट लक्षात आली. हे साडेपाच किलोमीटर सलग नव्हते. त्यांचे सहा-सात तुकडे होते. प्रत्येक तुकड्याला सायकल काढायची, चढायचं, पाच मिनिटं चालवायची, उतरायचं, उभी करायची, कुलूप लावायचं. म्हणजे ही सायकल दिवसातून अर्धा तास चालते आणि उरलेले साडेतेवीस तास उभी असते. झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, पावसात, दुसऱ्या पन्नास सायकलींच्या गर्दीत. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्याची सायकल वेगळी. त्याला एकदाच चढायचं असतं आणि घरी पोचल्यावर सायकल दिवाणखान्यात ठेवायची असते. दुकानात मात्र दोघांनाही एकच सायकल दाखवली जाते.

दुकानात

पहिल्या दुकानात दर्शनी भागात जाड टायरांच्या सायकली होत्या. निऑन हिरवा, केशरी, काळ्यावर लाल रेघा. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, गिअर एकवीस. किंमत बारा हजार. विक्रेता मुलगा हुशार होता आणि मनापासून समजावून सांगत होता. “कॉलेजची मुलं हीच नेतात,” तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खरंच आहे. तरी या किमतीतली अशी सायकल आवारासाठी घेऊ नये, असं माझं मत झालं आहे, आणि त्याची कारणं सायकलीच्या घडणीतच आहेत. पंचवीस-तीस हजारांच्या खाली जो स्प्रिंगचा चिमटा मिळतो, तो लोखंडी आणि जड असतो. चढावर उभं राहून पायडल मारलं की स्प्रिंग खाली-वर होते आणि पायातला जोर तिच्यातच मुरतो. पूर्ण सायकलीचं वजन सोळा-सतरा किलोपर्यंत जातं. जाड, गाठीदार टायर मातीत उत्तम पकड देतात. डांबरावर त्या गाठी घरघरतात आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी ताकद खातात. स्वस्त डिस्क ब्रेक तारेवर चालतात. चकती जराशी वाकली की पॅडला घासू लागते, आणि गर्दीच्या स्टँडवर चकती वाकायला वेळ लागत नाही. शिवाय मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनवर कव्हर नाही. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल पाठीवर सॅकपासून मानेपर्यंत सरळ पट्ट्यात उमटतो.

दुसऱ्या टोकाला काळी, दांड्याची, लोखंडी सळईच्या ब्रेकची जुनी सायकल आहे. ती अजून मिळते, सहा-सात हजारांत. दुधवाले, पेपरवाले, वॉचमन तिच्याशिवाय दुसरी घेत नाहीत. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण अ‍ॅटलासची सायकल आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. या काळ्या सायकलींचे सुटे भाग जवळजवळ सारख्याच मापाचे असतात आणि लुधियानाहून ते अजून येत राहतात. तिची अडचण एकच, ती धिप्पाड आहे. पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीला ती आवरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगलेलं असतं. त्याला कोणी सिटी म्हणतं, कोणी हायब्रिड, कोणी नुसतंच लेडीज. बिनगिअरची आठ-दहा हजारांत मिळते, सहा-सात गिअरची पंधरा हजारांच्या आगेमागे. मधल्या जाडीचे, गुळगुळीत नक्षीचे टायर, साधा चिमटा, रिमला धरणारे ब्रेक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा घेणाऱ्याने छापील किमतीवर घासाघीस करण्याआधी नवा दर लावला आहे ना, हे पाहावं.

उंची, दांडी आणि टाच

दुकानात सायकलीचं ‘साइज’ विचारलं की उत्तर चाकाच्या व्यासात मिळतं. सव्वीस इंची, साडेसत्तावीस, एकोणतीस. माणसाच्या अंगाला चाक बसत नाही, सांगाडा बसतो. सव्वीसच्या चाकावर उंच सांगाडा असू शकतो आणि एकोणतीसच्या चाकावर बुटका. मोजायचं असतं ते सीटच्या नळीचं माप आणि वरच्या दांडीची जमिनीपासूनची उंची.

ते मोजायला टेप लागत नाही. सायकल दोन पायांत घेऊन सीटच्या पुढे, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उभं राहावं. दांडी आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून एक पायडल अगदी खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यात न वाकता सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर आहे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप पडतो. रस्त्यावर निरखून पाहा, दहातल्या सात जणांची सीट खाली असते. सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकावेत म्हणून ती खाली ठेवलेली असते, आणि मग ‘सायकलने गुडघे दुखतात’ अशी तक्रार होते.

हँडल आणि सीट यांच्यातलं अंतरही तितकंच महत्त्वाचं. हँडल लांब आणि खाली असेल तर अंग पुढे झुकतं, पाठीवरच्या लॅपटॉपचं वजन मनगटांवर येतं. आवारात वेग लागत नाही, मान वर करून आजूबाजूला बघता आलं पाहिजे. म्हणून वर उचललेलं, जरा मागे वळलेलं हँडल चांगलं, आणि सॅक पाठीवर घेण्यापेक्षा कॅरियरवर बांधलेली चांगली.

खाली वाकवलेल्या दांडीच्या सायकलीला आपल्याकडे ‘लेडीज’ म्हणतात. ती घडण साडी आणि झग्यासाठी निघाली हे खरं, पण आज तिचा उपयोग कपड्यांशी कमी आणि चढण्या-उतरण्याशी जास्त आहे. कॅरियरवर पुस्तकं बांधली की मागून पाय फिरवून चढता येत नाही. पुढून पाय टाकता यावा लागतो. दिवसात चौदा वेळा चढ-उतार करणाऱ्या कुणालाही, मुलगा असो की मुलगी, ही घडण सोयीची आहे. मुलं ती लाजेने घेत नाहीत. आवारात मला अशा सायकलीवर फक्त दोन मुलगे दिसले, आणि दोघांच्याही सॅक कॅरियरवर होत्या.

एकवीस गिअर आणि अठरा दात

गिअरची संख्या म्हणजे सायकलीची ताकद, असा समज पक्का आहे. एकवीस गिअर म्हणजे पुढच्या तीन चक्र्या गुणिले मागच्या सात. त्यातल्या कितीतरी जोड्या एकमेकींच्या जवळजवळ सारख्या असतात, आणि काही जोड्यांत चेन इतकी तिरपी धावते की त्या वापरूच नयेत. प्रत्यक्षात हाताशी दहा-बारा राहतात. आवारात त्यातले तीन लागतात.

बिनगिअरच्या सायकलीचा हिशेब मात्र समजून घेण्यासारखा आहे. समजा, पुढच्या चक्रीला ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक सुमारे अडीच वेळा फिरतं, आणि मोठ्या चाकाची सायकल पाच मीटर चाळीस सेंटिमीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर प्रत्येक फेऱ्याला एवढं अंतर ओढून न्यायचं म्हणजे दम लागतो. मिस्त्रीकडून फ्रीव्हील बदलून २० दातांचं बसवलं की तेच अंतर चार मीटर पंच्याऐंशीवर येतं, २२ दातांचं बसवलं की चार मीटर चाळीसवर. दोन-तीनशे रुपयांच्या या बदलाने चढ खरोखर हलका होतो. सपाटीवर पाय थोडे जास्त फिरवावे लागतात, एवढंच. दुकानात हे कुणी सांगितलं नाही. मला ते टपरीवर कळलं.

गणेशखिंडीच्या आवारातले चढ मंद आणि लांबट आहेत, तिथे एवढा बदल पुरतो. पवईला पुरणार नाही. आयआयटी मुंबईचं आवार साडेपाचशे एकरांच्या आसपास, एका बाजूला तलाव, दुसरीकडे डोंगर. वसतिगृहांपासून वर्गांपर्यंतची वाट लांब, मध्ये चढ-उतार, आणि आवारात फिरणाऱ्या ‘टमटम’ बसमध्ये सकाळी जागा मिळेलच असं नाही. तिथे सहा-सात गिअरची, हलकी सायकल घेण्यात अर्थ आहे. ज्या विद्यार्थ्यांशी बोलले त्यांच्यातले बहुतेक सायकल नवी घेतच नाहीत. शेवटच्या वर्षाची मुलं जाताना विकतात, ती पुढची घेतात. वसतिगृहाच्या भिंतीलगत मात्र अशाही सायकली पाहिल्या, ज्यांचे मालक पदवी घेऊन कधीच गेले. टायर सपाट, चेन तांबूस, सीटमधून स्पंज बाहेर आलेला, आणि चाकाला अजून कुलूप.

विजेच्या सायकलीचं बरेच पालक विचारतात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. आवारातल्या पाच मिनिटांच्या फेऱ्यांसाठी तिचं वजन, किंमत आणि रोजचं चार्जिंग मला जास्त वाटतं. घर पाच-सात किलोमीटरवर असलेल्याने जरूर विचार करावा.

मिस्त्रींची टपरी

औंधकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, रेनट्रीच्या सावलीत, सहा बाय आठची टपरी आहे. पत्र्याच्या भिंतीवर चाकं टांगलेली, खाली पाण्याचं घमेलं, लाकडी पेटीत पाने, छर्रे भरलेला चहाचा जुना डबा. मिस्त्री साठीचे आहेत. वडिलांचं दुकान शहरात होतं, तिथे तासावर सायकली भाड्याने मिळायच्या. शाळेतली मुलं दोघांत एक घ्यायची आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायची. ते दिवस सांगताना त्यांचा हात थांबत नाही. चाक फिरत असतं, अंगठा रिमजवळ असतो, आणि जिथे रिम अंगठ्याला लागते तिथली तार ते पाव फेरा आवळतात. याला ‘आउट काढणं’ म्हणतात. चाकाच्या प्रत्येक तारेवर ताण असतो. एका बाजूची आवळली की रिम तिकडे सरकते. छत्तीस तारांचा तोल अंगठ्याच्या स्पर्शावर साधायचा. पंधरा मिनिटांत डगमगणारं चाक पाण्यावरच्या रेघेसारखं सरळ फिरू लागलं.

“नवी सायकल खोक्यातून येते, ताई,” ते म्हणाले. “पुढचं चाक, हँडल, पायडल दुकानात जोडतात. घाईत जोडतात. महिनाभर चालली की तारा बसतात, ब्रेकच्या वायरी सैल पडतात. तेव्हा एकदा आणायची. लोक आणत नाहीत. चाक आठ झालं की मग आणतात.”

गिअरच्या सायकली किती येतात, असं विचारलं.

“येतात की. काही तुटलेलं नसतं बघा. स्टँडवर पडलेली असते. एकीला धक्का लागला की पत्त्यांसारख्या दहा पडतात. गिअर उजव्या अंगाला असतो, तो खाली गेला की हँगर वाकतो. मग गिअर पडत नाही, चेन तारांत जाते.” त्यांनी वाकलेला हँगर दाखवला. बोटभर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, जेमतेम कळेल इतका वाकलेला. “हा प्रत्येक कंपनीचा वेगळा. माझ्याकडे नसतो. मागवायला आठ दिवस.”

ते आठ दिवस मुलगी चालत जाणार. सायकल निवडताना हा हिशेब कुठल्याही पत्रकात नसतो. माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे: जिचा कुठलाही भाग आवारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच दिवशी मिळतो, ती सायकल घ्यावी.

टायरच्या मापाचा घोळ मी इथेच पाहिला. एक मुलगा दुसरीकडून सव्वीस इंची टायर घेऊन आला होता आणि तो बसत नव्हता. मिस्त्रींनी दोन्ही टायरांच्या कडेवरचे बारीक आकडे दाखवले. लेडीज सायकलीच्या सव्वीस इंची टायरवर ५९० लिहिलेलं होतं, जाड टायरवर ५५९. हा रिमवर बसणाऱ्या कडेचा मिलिमीटरमधला व्यास. दोन्ही ‘सव्वीस’, पण तीन सेंटिमीटरचा फरक. उलट हायब्रिडचं ७०० नंबरचं चाक आणि जाड टायरचं एकोणतीस इंची चाक नावाने वेगळी, रिम मात्र दोन्हींची ६२२. टायर आणताना इंचांत मागू नये, कडेवरचा तीन आकड्यांचा नंबर सांगावा.

हवेचंही तसंच. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, आणि ट्यूबमधून ती हळूहळू जातेच. दर आठवड्याला भरली नाही तर खड्ड्यात टायर दबून ट्यूब रिमवर चेचली जाते आणि जोडीने दोन छिद्रं पडतात. “हे काट्याचं नाही, आळसाचं पंक्चर,” मिस्त्री म्हणाले. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोलपंपावरही हवा मिळते; जुना, रबरी नळीचा असेल तर सायकलवाल्याकडेच जावं लागतं.

पाऊस

जालन्याच्या मुलीला पुण्याच्या पावसाचं एक सांगायचं राहिलं होतं, ते मिस्त्रींनी सांगितलं. लोखंडी, चकचकीत रिमवर पाणी पडलं की ब्रेकचं रबर घसरतं. कोरड्या रस्त्यावर चार पावलांत थांबणारी सायकल मग कितीतरी पुढे जाऊन थांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर हा फरक पुष्कळ कमी असतो. घेताना रिमला चुंबक लावून पाहावं. चिकटलं तर लोखंड. जुनी सायकल असेल तर निदान पुढची रिम बदलून घ्यावी, कारण थांबवण्याचं मुख्य काम पुढचं चाक करतं.

मडगार्ड दोन्ही चाकांना हवंच, आणि चेनवर पूर्ण कव्हर. कव्हर ओढणीला वाचवतं आणि चेनलाही. उघड्या चेनवर चिखल बसला की ती एका पावसाळ्यात सैल होते. भिजलेली सायकल खोलीवर आली की चेन फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे, पायडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

भाड्याच्या सायकली

२०१७ च्या डिसेंबरात याच विद्यापीठात पुण्याच्या स्मार्ट सिटीने भाड्याच्या सायकलींचा प्रयोग सुरू केला होता. फोनवरून कुलूप उघडायचं, काम झालं की सोडून द्यायची. पुढच्या वर्षी शहरभर वेगवेगळ्या रंगांच्या सायकली दिसू लागल्या. मी स्वतः त्या वापरल्या आहेत आणि कल्पना मला फार आवडली होती. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. मोडलेल्या, कुलूप तोडलेल्या, ओढ्यात टाकलेल्या सायकलींची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येत होती. मला वाटतं, त्या सायकलींना मिस्त्री नव्हता. ज्या सायकलीची सीट प्रत्येकाने आपल्या उंचीला लावायची आणि जिचा आउट कुणीच काढायचा नाही, ती टिकत नाही.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हा शहर लहान होतं आणि दर पेठेत दुरुस्तीचं दुकान होतं. १९७२ साली लूना आली, मग स्कूटर घरोघर झाली, शहर सगळ्या दिशांना वाढलं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभ्या केलेल्या सायकल संग्रहालयात तो काळ पाहायला मिळतो. भाचीला तिथे नेलं तेव्हा दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई छत्रीधारी सैनिकांची, घडी घालता येणारी बीएसए पाहून ती बराच वेळ बिजागऱ्यांपाशी उभी होती.

पार्किंगमधली सायकल

दोन दुकानांत तिने चार सायकली चालवून पाहिल्या. त्यातली एक तिला आवडली, साडेनऊ हजारांची. “मावशी, एवढे आत्ताच नको,” ती म्हणाली. मग मी माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरले. आमच्याकडे सत्तेचाळीस सदनिका आहेत. जिन्याखाली आणि पाण्याच्या टाकीमागे मिळून एकवीस सायकली मोजल्या. त्यातल्या पाच चालू होत्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी सहा वर्षांपूर्वी नोकरीला बंगळूरला गेली, तिची सायकल टाकीमागे होती. खाली वाकवलेली दांडी, पूर्ण चेनकव्हर, कॅरियर, बिनगिअर. जुनी सायकल कशी बघायची ते मिस्त्रींनी आधी सांगितलं होतं. क्रँक धरून आडवा हलवायचा. खटखटला तर आतले कप-छर्रे गेले. पुढचं चाक उचलून फिरवायचं. नळ्यांच्या सांध्यांवर रंगाखाली केसाएवढी चीर आहे का ते बोट फिरवून पाहायचं. चीर असेल तर घ्यायचीच नाही. बाकी सगळं बदलता येतं. क्रँकखाली सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवायचा, म्हणजे चोरीची सायकल पदरात पडत नाही. काकूंनी बिल जपून ठेवलं होतं.

त्यांनी पंधराशे सांगितले. मिस्त्रींनी दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर आणि वायरी, पुढची अ‍ॅल्युमिनियमची रिम, वीस दातांचं फ्रीव्हील घातलं, सगळं खोलून ग्रीस भरलं आणि दोन्ही चाकांचा आउट काढला. सव्वीसशे रुपये झाले. साडेसहाशेचं जाड कुलूप घेतलं, जे नुसत्या चाकाला न लावता सांगाड्यातून काढून स्टँडच्या गजाला लावता येतं. एकूण चार हजार सातशे पन्नास. सीटला तिने टाच टेकवून उंची लावली आणि नळीवर कुठपर्यंत ते नखाने खूण केली, म्हणजे कुणी खाली-वर केली तरी कळावं.

सप्टेंबरच्या मध्यापासून ती त्या सायकलवर जाते. आतापर्यंत एक पंक्चर झालं, ते खोलीवर बादलीत ट्यूब बुडवून तिनेच शोधलं.

आमच्या इमारतीत अजून पंधरा सायकली उभ्या आहेत. तुमच्याकडेही असतील. टायर वर्षभर सपाट राहून त्याच जागी दबला की चिरतो, मग सायकल भंगारात जाते. तेव्हा या सुट्टीत एकदा खाली उतरून बघा. सांगाडा धड असेल तर मिस्त्रीकडे न्या, हवा भरून, आउट काढून घ्या, बिल सापडलं तर सीटखाली पिशवीत बांधा. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. ओळखीत कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी बाहेरगावाहून तुमच्या शहरात शिकायला येत असेल. त्याला-तिला विचारा, उंची किती आहे, आणि बसत असेल तर देऊन टाका.